दोन जीबी रॅम, जुने पीसी आणि ‘सगळ्यात हलकं’ लिनक्स

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचा आहे. चार जुने पीसी, ड्युअल कोअर पेंटियम, प्रत्येकी २ जीबी रॅम, १६० जीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज ७ काढून लुबंटू टाकलं. दोन-तीन महिने बरं चाललं, मग रडायला लागलं. ब्राउझरमध्ये चौथा टॅब उघडला की माऊसचा बाणसुद्धा हलत नाही. पावसात करंट सारखा जातो. मुलं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येतात, मोठी माणसं शेताचा उतारा काढायला येतात आणि टायपिंग मराठी-कन्नड दोन्ही लागतं. विचारलंय ते एवढंच, की पपी, अँटीएक्स, लुबंटू, बोधी या लिनक्सच्या प्रकारांतलं सगळ्यात हलकं कुठलं?

हलकेपणाचा क्रम लावायचा तर पपी आणि अँटीएक्स पुढे, लुबंटू मागे. पण त्या क्रमाने तुमचं काम होणार नाही. कारण आकड्यांत बघा. अँटीएक्स आइसडब्ल्यूएम या साध्या डेस्कटॉपवर चालू केलं की साधारण २०० ते २५० एमबी रॅम घेतं. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हे डेस्कटॉप असलेली सिस्टिम ४५० ते ६०० एमबी घेते. फरक झाला फार तर ४०० एमबी. आजची एखादी बँकेची किंवा सरकारी अर्जाची वेबसाइट एका टॅबला २०० ते ४०० एमबी सहज खाते. म्हणजे सिस्टिम बदलण्याचा सगळा खटाटोप करून तुम्ही कमावलात एक टॅब. चौथ्याला अडकत होतं, ते पाचव्याला अडकेल.

तुमचा खरा प्रश्न ब्राउझरला पुरेल इतकी रॅम नसणं आणि रॅम संपल्यावर सगळा भार जुन्या हार्ड डिस्कवर पडणं हा आहे. लिनक्समध्ये रॅम भरली की न लागणारे मेमरीचे तुकडे डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, जातात. ७२०० फेऱ्यांची फिरती डिस्क इकडून तिकडून तुकडे वाचायचे म्हटलं तर सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचते. एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. माऊस थिजतो तेव्हा प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलेला असतो, डिस्कची वाट बघत. केसवरचा लाल दिवा त्या वेळी सलग पेटलेला दिसत असेल तर निदान पक्कं.

‘आधी बरं होतं, आता का नाही’ याचं उत्तर यंत्रासमोर बसल्याशिवाय खात्रीने देता येत नाही, पण संशयित मोजकेच आहेत. एक, डिस्क मरायला टेकली आहे. दोन, लुबंटूमध्ये फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात (सगळं सोबत बांधलेल्या मोठ्या पॅकेजात) येतो. तो फिरत्या डिस्कवर पहिल्यांदा उघडायला वेळ लावतो आणि प्रत्येक अपडेटनंतर जुनी आवृत्तीही ठेवून देतो. तीन, हीटसिंकवर धूळ बसून प्रोसेसर तापतोय आणि स्वतःचा वेग कमी करतोय. यात डिस्क पहिली तपासा. ती खराब असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

(आज्ञा मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत टाकायच्या.)

डिस्क तपासायला ‘जीस्मार्टकंट्रोल’ नावाचा प्रोग्रॅम बसवा. डिस्कवर दोनदा क्लिक केलं की ॲट्रिब्यूट्सची यादी येते. त्यातल्या तीन ओळी बघायच्या. ‘रीॲलोकेटेड सेक्टर काउंट’ शून्य हवा. पाच-दहा असून महिनोन्महिने तिथंच थांबलेला असेल तर चालवून घेता येतं, दर आठवड्याला वाढत असेल तर नाही. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर गेला की आजच डेटा दुसरीकडे काढा. तिसरी ओळ ‘यूडीएमए सीआरसी एरर’. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या वायरीचा) असतो. केबल बदला, आकडा मागे येणार नाही पण वाढायचा थांबेल. चांगली डिस्क केबलपायी भंगारात गेलेली पुष्कळ दिसते.

आता पैसे कुठं घालायचे. चार यंत्रांना एकदम सगळं करता येणार नाही हे धरून चाललोय. माझ्या मते पहिला रुपया एसएसडीवर. १२० किंवा २४० जीबीची साधी साटा एसएसडी पुरते. तुमचे मदरबोर्ड त्या काळातल्या जी३१ चिपसेटचे असतील, तर त्यांचा साटा ३ गिगाबिटचाच असतो आणि बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क चालवायची नवी पद्धत एएचसीआय नसते, फक्त जुनी आयडीई दिसते. घाबरू नका. डब्यावर छापलेला ५०० एमबीचा वेग मिळणार नाही, पण तुम्हाला फरक जाणवणार तो विखुरलेल्या वाचनाचा, आणि तो आयडीई मोडमध्येही मिळतो.

दुसरा रुपया रॅमवर, पण इथं फसायला होतं. जी३१ला डीडीआर२ लागते आणि हा चिपसेट जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, म्हणजे २ जीबीच्या दोन पट्ट्या. ऑनलाइन ४ जीबीची डीडीआर२ पट्टी स्वस्तात दिसते. ती एएमडीच्या बोर्डांसाठीच असते, इंटेल बोर्डावर पीसी चालूच होत नाही. बोर्ड जी४१ असून डीडीआर३ लागत असेल तर दुसरी खोच आहे. ४ जीबीच्या पट्टीवर एकाच बाजूला ८ चिप असतील तर जी४१ ती वाचत नाही किंवा अर्धीच दाखवते. दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली पट्टी मागायची. दुकानदार ‘डीडीआर३ म्हणजे डीडीआर३, सगळी सारखीच की ओ’ म्हणेल. बदलून देणार असाल तरच घेतो, असं आधी ठरवून घ्या.

दोन्ही जमत नसेल तर चारांतलं सगळ्यात वाईट यंत्र मोडा आणि त्याची रॅम उरलेल्या तिघांपैकी जिथं जागा मोकळी असेल तिथं घाला. २ जीबीच्या चार रडक्या यंत्रांपेक्षा तीन बरी यंत्रं वाचनालयाला जास्त उपयोगाची. हा सल्ला कुणाला आवडत नाही, कारण दप्तरी ‘चार संगणक’ लिहिलेलं असतं.

मग सिस्टिम कुठली? याला एक अट आहे. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ चालवा. वरच्या ओळीत ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही लिहिलेलं असेल तर प्रोसेसर ६४-बिट आहे. विंडोज ७ ३२-बिट होतं म्हणून यंत्रही ३२-बिट, असं पुष्कळजण धरून चालतात. ड्युअल कोअर पेंटियम आणि कोअर २ ड्युओ हे ६४-बिट आहेत. तुमच्या यंत्रांवर लुबंटू चाललं, तेही २०२० नंतरचं असेल, तर ते ६४-बिटच होतं. लुबंटूने ३२-बिट आवृत्ती १८.०४ नंतर बंद करत नेली.

६४-बिट असेल तर मी डेबियन १३ हे लिनक्स टाकेन, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसह. स्नॅप नाही, फायरफॉक्स ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) साध्या पॅकेजात मिळतो, वायफायचे फर्मवेअर डेबियन १२पासून इन्स्टॉलरमध्येच येतात. आणि मुख्य म्हणजे सुरक्षा अपडेट २०३०पर्यंत, शेवटची दोन वर्षं एलटीएसच्या, म्हणजे लांब मुदतीच्या आधाराच्या, खात्यातून. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्तीही चालेल. नवख्याला ती जास्त सोयीची, पण थोडी जड. प्रोसेसर खरोखरच ३२-बिट निघाला, म्हणजे एखादा जुना ॲटम किंवा पेंटियम ४, तर पर्याय आटलेत. डेबियन १३ने ३२-बिट इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) देणं बंद केलं आहे. डेबियन १२वर उभं असलेलं अँटीएक्स २३ हाच शहाणा मार्ग. पण फायरफॉक्सनेही १४५पासून ३२-बिट लिनक्स सोडलं आहे, तेव्हा अशा यंत्रावर बँकेची कामं करू नका. ते टायपिंग आणि पुस्तकांच्या यादीपुरतं ठेवा.

पपीबद्दल एक शब्द. पपी रॅममधून चालतं, पेनड्राइव्हवर मावतं, बंद पडलेल्या यंत्रातून डेटा काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही. खिशात ठेवावं. पण रोज वेगवेगळी माणसं बसणार, वेगवेगळी खाती लागणार, अपडेट नियमित व्हायला हवीत, अशा जागी ते गैरसोयीचं आहे. सिस्टिम निवडताना मी दोनच गोष्टी बघतो : पुढची तीन-चार वर्षं तिला अपडेट मिळतील का, आणि तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या जागी बसलेल्या मुलाला ती उमजेल का.

बसवताना विभागणी साधी ठेवा. रूटसाठी (सिस्टिम) ३० जीबी, उरलेलं सगळं होमला (तुमच्या फायली). स्वतंत्र बूट विभाग करू नका. तो छोटा पडतो, कर्नल साठत जातात आणि एक दिवस अपडेट मध्येच अडकतं. होम वेगळं ठेवलं की पुढं सिस्टिम नव्याने टाकताना फायली जागच्या जागी राहतात.

डेबियन १३मध्ये २ जीबीच्या यंत्राला नडणारी एक गोष्ट आहे. तात्पुरत्या फायलींची ‘टीएमपी’ फोल्डर आता डिस्कवर नसते, रॅममध्ये असते आणि ती अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकते. कुणी मोठं स्कॅन केलं किंवा झिप फाइल उलगडली की तुमची रॅम तिथंच जाते आणि कारण कळत नाही. ‘सुडो सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ चालवा आणि यंत्र रीस्टार्ट करा, फोल्डर परत डिस्कवर येते.

आता झेडरॅम. ‘झेडरॅम-टूल्स’ नावाचं पॅकेज बसवलं की रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेल्या स्वॅपसारखा वापरता येतो. आतला मजकूर साधारण निम्मा ते एक-तृतीयांश होतो, म्हणजे २ जीबीचं यंत्र साधारण अडीच जीबीसारखं वागतं. ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरमध्ये ‘झेडरॅमस्वॅप’ ही फाइल उघडा, अल्गोरिदम (दाबायची पद्धत) एलझेड४ आणि पर्सेंट ५० करा. झेडएसटीडी जास्त दाबतो हे खरं, पण या जुन्या प्रोसेसरला त्याचा भार जाणवतो. ‘स्वॅपिनेस (स्वॅपकडं वळायचा कल) १० करा’ असा सल्ला जिकडंतिकडं वाचायला मिळतो. तो फिरत्या डिस्कवरच्या स्वॅपसाठी होता. झेडरॅमला उलटं, १०० ठेवा, कारण इथं स्वॅप करणं स्वस्त आहे.

त्याच्या जोडीला ‘अर्लीऊम’ बसवा. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही दहा टक्क्यांखाली गेले की तो सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम बंद करतो. बहुधा ब्राउझरचा एखादा टॅब मरतो, यंत्र मात्र हातात राहतं. पण लक्षात घ्या, अट ‘दोन्ही’ची आहे. डिस्कवर ४ जीबीचा स्वॅप तसाच ठेवलात तर तो भरेपर्यंत अर्लीऊम गप्प बसणार आणि तुम्ही तोवर थिजलेल्या पडद्याकडं बघत बसणार. म्हणून फिरत्या डिस्कवरचा स्वॅप काढूनच टाका. ‘एफएसटॅब’ फाइलमधल्या स्वॅपच्या ओळीपुढं हॅशचं चिन्ह घातलं की झालं. हायबरनेट चालणार नाही, ते तुम्हाला लागतही नाही.

ब्राउझरकडं वळू. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एकच एक्स्टेन्शन घाला. जाहिराती गेल्या की बातम्यांच्या साइटची भूक निम्म्यावर येते. पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाकलं की कुठला टॅब किती रॅम खातोय ते दिसतं. ‘अबाउट:अनलोड्स’ टाकून बटण दाबलं की मागे पडलेले टॅब न मिटता रॅममधून उतरतात. व्हिडिओ ४८०पीवर बघायचे. जी३१च्या ग्राफिक्सला आजचे व्हिडिओ उलगडता येत नाहीत, सगळं प्रोसेसरवर येतं, ७२०पीला तो धापा टाकतो. एक्सएफसीईत ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटर बंद करा. खिडक्यांची सावली जाईल, बाकी काही बिघडत नाही.

टायपिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडं दोन भाषांशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. इनपुटची दोन घराणी आहेत. पहिलं, सिस्टिमच्या कीबोर्ड लेआउटमध्येच असलेलं. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जा, सिस्टिमचा लेआउट वापरा ही खूण काढा आणि इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी मानक मांडणी), कन्नड असे तीन जोडा. बदलायला आल्ट-शिफ्ट ठेवा. एकावेळी चारच लेआउट चालतात, तेव्हा हौसेने सगळे जोडू नका. याला वेगळा प्रोग्रॅम लागत नाही, रॅम खर्च होत नाही. इनस्क्रिप्टचा आणखी एक फायदा असा की मराठी आणि कन्नड दोन्हींत ‘क’ त्याच बटणावर असतो, एक शिकलं की दुसरं निम्मं येतं. ‘ळ’ शिफ्ट-एनवर, आणि ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘ऱ’ शिफ्ट-जेने. तिथं साधा ‘र’ वापरला की ‘दर्या’ होतो आणि अर्थच बदलतो.

दुसरं घराणं उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांतून लिहायचं. त्याला आयबस हा प्रोग्रॅम आणि त्याचं ‘आयबस-एम१७एन’ पॅकेज लागतं. ते सतत चालू राहतं आणि थोडी रॅम घेतं. ज्या यंत्रावर अशी माणसं बसतात तिथंच बसवा. कन्नडसाठी नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला असेल तर कगप लेआउट जवळचा आहे, पण हुबेहूब तसा नाही. जोडाक्षरांपाशी बोट अडखळतं, हे आधी सांगून ठेवा म्हणजे ‘लिनक्सवर कन्नड येत नाही’ अशी आवई उठत नाही.

फाँट म्हणून लोहित मराठी आणि लोहित कन्नड बसवा. नुसता लोहित देवनागरी घातला तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, छापून आल्यावर डोळ्याला खुपतात. लिब्रेऑफिसमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट’च्या खात्यात पडतात, आणि त्या खात्याचा डीफॉल्ट फाँट एकच असतो. तो लोहित मराठी ठेवलात तर कन्नड मजकूर मनाला येईल त्या फाँटात दिसतो. उपाय म्हणजे कन्नडसाठी एक वेगळी कॅरॅक्टर स्टाइल करून फायलीच्या साच्यात ठेवणं. स्टाइलमध्ये अक्षरांचा आकार बदलतानाही इंग्रजीचा वेगळा आणि कॉम्प्लेक्सचा वेगळा असतो. ‘आकार वाढवला तरी मराठी बारीकच राहतंय’ ही तक्रार तिथून येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. श्रीलिपी, आयएसएम किंवा जुन्या नुडी फाँटांतल्या फायली तुमच्याकडं असतील तर त्या लिनक्सवर उघडतील, पण मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तो युनिकोड नाही. कन्व्हर्टरने बदलून घ्यावं लागतं आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. डोंगल लागणारी सॉफ्टवेअर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) चालतील या भरवशावर राहू नका. लग्नपत्रिकेची, पेजमेकर-कोरलची कामं होत असतील, किंवा आधारच्या अंगठ्याचं यंत्र लावायचं असेल, तर एका पीसीवर विंडोज परत टाका. हट्टाने सगळं बदलून उद्या काम अडलं तर शिव्या लिनक्सला बसतात.

प्रिंटर कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथं सगळं मॉडेलवर आहे. एपसनचे एल मालिकेतले इंकटँक असतील तर ‘ईएससीपीआर’ ड्रायव्हर डेबियनमध्येच आहे, बिनघोर. एचपी लेझरजेट १०२० असेल तर त्याला स्वतःचं फर्मवेअर साठवायची जागा नाही. दरवेळी चालू केला की संगणकाने ते पाठवावं लागतं, आणि त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचा प्लगइन लागतो. एचपीलिप अपडेट झालं की जुना प्लगइन चालत नाही. प्रिंटर दिसतो, काम रांगेत जातं, कागद मात्र हलत नाही. तेव्हा ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवायचं. कॅनन एलबीपी २९०० असेल तर सावध. झेरॉक्सच्या दुकानांत तो सगळीकडं आहे, दणकट आहे, पण लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवणं हा दिवसभराचा उद्योग आहे आणि पुढच्या अपडेटला तो मोडू शकतो. मी तो त्या विंडोज पीसीला लावेन आणि बाकीच्यांकडून पीडीएफ पेनड्राइव्हवर नेईन.

आता करंट. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. ईएक्सटी४ फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) असतं, त्यामुळं अचानक बंद झाल्यावर फोल्डरांचा सांगाडा बहुधा सावरतो. उघडी फाइल सावरते असं नाही. लिब्रेऑफिसमध्ये ऑटोरिकव्हरी दहा मिनिटांवर असते, ती तीनवर आणा आणि ‘नेहमी बॅकअप प्रत ठेवा’ ही खूण करा.

६०० व्हीएचा यूपीएस असेल तर एक पीसी आणि एलसीडी मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं धरतो. तेवढा वेळ सेव्ह करून बंद करायला आहे, अर्ज पूर्ण करायला नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावायचा नाही. गरम होताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ट्रिप होतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, तेव्हा पूर्ण यूपीएस न बदलता बॅटरी बदला. बायोसमध्ये ‘करंट परत आल्यावर काय करायचं’ याची सेटिंग ‘बंद राहा’वर ठेवा. पावसाळी संध्याकाळी करंट पाच मिनिटांत चारदा येतो-जातो, प्रत्येक वेळी यंत्र उठायला लागलं तर डिस्कचं काही खरं नाही.

करंट गेल्यावर होणारे तीन बिघाड आणि त्यांचे उतारे (शेताचे नव्हे) सांगून ठेवतो. काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असं लिहून थांबलं तर वरच्या ओळीत कुठला विभाग खराब आहे ते लिहिलेलं असतं. समजा एसडीए१ असेल, तर ‘एफएससीके -वाय /डीईव्ही/एसडीए१’ आणि संपल्यावर ‘एक्झिट’. अपडेट चालू असताना करंट गेला असेल तर पुढच्या वेळी आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. तिसरा सगळ्यात फसवा. सगळ्या वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणतात, अपडेटही ‘फाइल अजून वैध नाही’ म्हणून नकार देतं. नव्वद टक्के वेळा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो आणि यंत्राला वाटतंय की हे २००९ साल आहे. सेल बदला, तारीख लावा. बायोसच्या सेटिंगही गेलेल्या असतात, त्या परत बघा.

ओल हा आणखी एक शत्रू. पावसाळ्यात आठवडाभर बंद राहिलेलं यंत्र चालूच होत नाही, नुसता बीप देतं. बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी दातांवर थर आलेला असतो. पट्टी काढा, साध्या खोडरबराने दोन्ही बाजू घासा, फुंकर न मारता कोरड्या कापडाने पुसून परत बसवा. कमी वापराचं यंत्रही जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा. ‘एलएम-सेन्सर्स’ बसवून ‘सेन्सर्स’ आज्ञा दिली की तापमान दिसतं. काम चालू असताना ८५च्या वर जात असेल तर पंखा काढून धूळ साफ करा आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदला. इंटेलच्या पंख्याच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एखादी सुटलेली असते, तेही बघा.

अपडेट चार यंत्रांना मोबाइलच्या डेटावर करायचे म्हणजे चारपट खर्च. एका यंत्रावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवा. बाकीच्यांच्या एपीटीला त्या यंत्राचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट प्रॉक्सी म्हणून द्या. एकदा उतरलेलं पॅकेज मग बाकी तिघांना घरातूनच मिळतं. महिन्यातून एक वार ठरवा, ‘एपीटी अपडेट’, ‘एपीटी अपग्रेड’, ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’, ‘एपीटी क्लीन’ या क्रमाने. क्लीन त्या कॅशर यंत्राची साठवण पुसत नाही, काळजी नको. पावसाळ्यात हे सकाळी करा, करंट त्यातल्या त्यात टिकतो. सिस्टिमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारं टाइमशिफ्ट वापरत असाल तर स्नॅपशॉट दोनच ठेवा. डीफॉल्टवर सोडलं तर ३० जीबीचा रूट तोच भरून टाकतो आणि मग भरलेल्या डिस्कवर लॉगिनच होत नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सुडोचा (सिस्टिम बदलण्याचा) अधिकार नसलेलं वेगळं खातं करा. बँकेचे पासवर्ड ब्राउझरने साठवू नयेत म्हणून त्या खात्यात फायरफॉक्सची पासवर्ड साठवण्याबद्दल विचारायची खूण काढा, आणि बंद होताना इतिहास आणि कुकी पुसण्याची खूण घाला.

सुरुवात एकाच यंत्रापासून करा. चारही उघडून बसू नका, वाचनालय बंद पडेल. त्या एका यंत्राच्या ‘एलएससीपीयू’मधली मॉडेलची ओळ, बोर्डावर छापलेलं नाव, जीस्मार्टकंट्रोलमधले ते तीन आकडे आणि प्रिंटरचं मॉडेल एवढं लिहून पाठवा. रॅमची कुठली पट्टी चालेल ते बोर्डाचं नाव कळल्यावरच सांगता येईल, तोपर्यंत रॅम घेऊ नका.